वीतभर वाडा

बिसेसरलाल सेठची खुर्ची चुन्याच्या रेघेवर ठेवायची की रेघेच्या हातभर मागे, यावरून गुणवंतराव आणि मुखरू या दोघा भावांचं सकाळीच वाजलं. त्यांची बहीण वच्छला हे भांडण राजवाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ऐकत होती. तिथे ती शिडी लावून चढली होती, कारण या राजवाड्याला जिना नव्हता. जिना नव्हता कारण मजले नव्हते, आणि मजले नव्हते कारण राजवाड्याला पुढची भिंत सोडून काहीच नव्हतं. सागवानाचा सांगाडा, त्यावर बांबूचे तट्टे, त्यावर चुना. जाडी वीतभर.

शिडीवर चढायचं कारण मोठ्या भावाचा हुकूम. खिडक्यांना पडदे लाव, म्हणजे आत माणसं राहतात असं वाटेल. पडदे म्हणून भागीरथावहिनीची जुनी लुगडी आली होती. तिसऱ्या मजल्यावरची राणी जांभळ्या लुगड्याची निघाली, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन राण्या पिवळ्या. खालच्या मजल्याला लुगडी पुरली नाहीत, म्हणून तिथल्या राण्या उघड्यावर होत्या.

"रेघेवरच ठेव," खाली गुणवंतराव सांगत होता. "बाबांनी सारं गणित रेघेवरून केलं हाये. तिथून वाडा चाळीस खोल्यांचा दिसते."

"मागं ठेवली तं पन्नासचा दिसंन," मुखरू म्हणाला.

खुर्ची रेघेवरच राहिली. मोठा भाऊ बरोबर असो की चुकलेला, दोन्ही वेळा त्याचंच व्हायचं, हा बोमकंटीवारांच्या घरचा जुना रिवाज.

ही रेघ म्हणजे क्यामेऱ्याची जागा. वीस वर्षांमागे त्यांचे वडील रामाजी सागवानाच्या ठेक्यात तरले आणि लाकूड विकायला नागपूरला गेले. तिथे एका दिग्दर्शकानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून 'तुमच्यात राजा आहे' असं म्हटलं. इतर माणसं असं ऐकल्यावर चहाचे पैसे देऊन उठतात. रामाजीनं आलापल्ली–अहेरी रस्त्यावरची आपली जागा साफ केली आणि जंगलाच्या मधोमध स्टुडिओ बांधला. समोर राजवाडा, त्याला लागून देऊळ, देवळापुढे नदीचा घाट. नदी तेवढी नव्हती, ती नंतर आणायची होती. या सगळ्याच्या मागे, रेघेवरून मुळीच दिसू नये अशा बेतानं, टिनाची लांबरुंद शेड, विहीर, मोहाची झाडं आणि नाल्यापर्यंतची मोकळी जमीन. थोडक्यात, जे खरं होतं ते लपवलेलं होतं आणि जे दाखवायचं होतं त्याला पाठ नव्हती. आपला मोठा भाऊ पुढे राजकारणात गेला यात वच्छलेला कधी नवल वाटलं नाही.

सिनेमा झाला नाही. नायकाला हिवताप झाला. हत्ती अंग खाजवायला वाड्याला टेकला आणि दुसरा मजला पहिल्यावर आला. शेवटी क्यामेरावाला पळून गेला, तो नायिकेला मागे ठेवून, फक्त क्यामेरा घेऊन. नायिका महिनाभर रुसून मोहाच्या झाडाखाली बसली आणि मग बल्लारशाहून गाडीत बसून गेली. रामाजीनं तिला लुगडं दिलं. वाडा पुन्हा उभा केला आणि दर वर्षी पाऊस उघडला की त्याला नवा चुना लावायला सुरुवात केली.

पुढे लढाई आली. लाकूड न्यायला आलेल्या एका गोऱ्या साहेबानं रेघेवरून पाहिलं, त्याला हा जुना किल्ला वाटला. त्यानं दाराशी बंदूकवाला शिपाई बसवला. शिपायानं दोन पावसाळे त्या दाराची राखण केली. दारामागे म्हैस बांधलेली असे. लढाई संपली, शाळा आली. मास्तर दरबारात शिकवायचे, म्हणजे भिंतीच्या सावलीत. सूर्य डोक्यावर आला की दरबार संपायचा आणि शाळा सुटायची. मग हैजा आला तेव्हा दवाखाना झाला, अहेरीकडच्या वरातींसाठी फोटो काढायची जागा झाला, आणि पहिल्या मोठ्या निवडणुकीत मतदानाचं ठिकाणही झाला. लोक राजदारातून आत शिरायचे आणि लगेच बाहेर पडायचे. इतकं झटपट मतदान तालुक्यात दुसरीकडे कुठेच झालं नाही, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुकानं सांगितलं. तेही रेघेवरच थांबले होते. पाहुण्यानं रेघ ओलांडायची नाही, ही रामाजीची शिस्त. पाहुणा वाड्यात राहायचंय म्हणाला की ते म्हणायचे, सध्या आत बायामाणसं आहेत.

या सगळ्या काळात मागच्या शेडकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. नवऱ्यानं दुसरी केल्यावर वच्छला माहेरी आली, तेव्हा रामाजीनं तिला शेडची किल्ली दिली, कारण घरातल्या पाहुण्यांना ती दिसू नये अशी दुसरी जागा त्यांच्याकडे नव्हती. तिथे तिनं कोसा रेशमाचं काम सुरू केलं. जंगलातल्या गावांतून बाया झाडावरचे कोश आणायच्या, ती ते उकळायची, सूत काढायची. आता शेडमध्ये दहाबारा बाया बसत, बुधरी त्यांच्यातली मुख्य. नागभीडचे विणकर सूत उचलायला स्वतः येत. वच्छला त्यांना पाठीमागच्या वाटेनं बोलवायची. त्यांनी वाडा कधी पाहिलाच नव्हता. त्यांना वाटायचं, समोर कुंपण असेल.

गेल्या दिवाळीनंतर रामाजी वारले. त्याच्या आधी काही महिने दिल्लीत कायदा झाला होता की बापाच्या मिळकतीत लेकीलाही वाटा. गुणवंतरावाच्या मते म्हाताऱ्यानं मरायला चुकीचं वर्ष निवडलं.

•

सेठ यायच्या आधी दोघे भाऊ शेडच्या दाराशी आले. आत यायला त्यांना उकळत्या कोशांचा वास आडवा आला. भागीरथावहिनी मात्र आत येऊन बुधरीच्या शेजारी बसली आणि सूत चाचपून पाहू लागली.

"वच्छे, आज तुले फक्त एक बोलाचं हाये," गुणवंतराव म्हणाला. "पंच विचारंन, तुले काय पायजे. तू म्हणजो, मले काई नको. एवढंच."

"आन् मंग?"

"मंग काय मंग. सेठले वाडा देऊ. तो म्हणते, बहिणीचा कायदा आला, आधी वाटणी करा, मंग विसार देतो. त्याच्यासमोर झालं पायजे."

"सेठले मालूम हाये, वाडा किती हाये ते?"

गुणवंतरावानं मान दुसरीकडे वळवली. "मागं जागा तं हायेच ना. खोल्या पायजे असतीन तं बांधंन तो. त्याले तेंदूपत्ता ठेवाले जागा पायजे, आन् रुबाबाले वाडा. दोनी भेटून राह्यले. फसवणूक कुठी हाये यात?"

"मागची जागा म्हणजे ही शेड."

"शेडच. अजून काय."

"मंग मी कुठी जाऊ? ह्या बाया कुठी जातीन?"

"बाया जंगलातून आल्या, जंगलात जातीन. तू चांद्याले चाल. आमच्याकडं तुले काय कमी हाये? रांधाले-वाढाले माणूस पायजेच हाये. निवडणुकीत रोज पन्नास पानं उठून राह्यली."

वच्छलेनं भागीरथावहिनीकडे पाहिलं. वहिनीनं सुताकडे पाहिलं. चांद्याच्या त्या स्वैपाकघरात एकच चूल होती आणि वहिनीला ती कोणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्या चुलीवरून हे चाललं होतं त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

"भाऊ एवढं म्हणून राह्यला तं म्हणून टाक ना," मुखरू म्हणाला. तो मूल गावात सायकली भाड्यानं द्यायचा आणि सगळ्याच गोष्टी तासावर मोजायचा. "दोन मिनिटांचं काम. तुले त्रास नाई."

"मुखरूभाऊ, तुमाले काय भेटून राह्यलं?"

"अर्धं."

"कशाचं अर्धं?"

मुखरूनं मोठ्या भावाकडे पाहिलं. मोठा भाऊ घड्याळाकडे पाहत होता, जे बंद होतं. त्या दोघांत या प्रश्नाचं बोलणं अजून झालेलं नाही, हे वच्छलेनं तिथेच ओळखलं आणि कढईतला एक कोश उलटा केला.

"आन् नाई म्हटलं तं?" तिनं विचारलं.

"तं मी भाऊ नाई आन् तू बहीण नाई," गुणवंतराव म्हणाला. "पंच म्हणून दसरूले मुद्दाम बोलावलं. दगड ठेवला का त्याचा बोल फिरत नाई. पंधरा गावं त्याच्या बोलावर चालतेत. माझ्या तिकिटाचं बी त्याच्यावरच हाये. त्याच्यासमोर तमाशा करशीन तं पाय."

दोघे गेले. भागीरथावहिनी उठताना म्हणाली, "सूत बारीक हाये." थोडं थांबून म्हणाली, "चांद्याले पाणी बहुत खराब हाये, बाई. तुले मानवणार नाई." आणि तीही गेली.

•

बिसेसरलाल सेठ गोंदियाहून जीपमधून आले आणि रेघेवरच्या खुर्चीत बसले. पानाचा डबा मांडीवर ठेवून ते बराच वेळ वाड्याकडे पाहत राहिले. सकाळचं ऊन नेमकं चुन्यावर पडलं होतं. बाबांचं गणित पक्कं होतं, हे वच्छलेलाही कबूल करावं लागलं. वाडा खरोखर चाळीस खोल्यांचा दिसत होता.

"वो ऊपर बैंगनी रंग का क्या है?" सेठ म्हणाले.

"राणीमहाल," गुणवंतराव म्हणाला. सेठसमोर तो पुण्याकडची मराठी बोलायचा. सेठ हिंदी बोलायचे. दोघांनाही एकमेकांची भाषा बोलता येत नाही, म्हणून एकमेकांबद्दल आदर होता. "आमचे तीर्थरूप उन्हाळ्यात तिथेच विश्रांती घेत असत."

"हवा आती है?"

"भरपूर. समोरून आलेली हवा थेट मागे जाते. मध्ये अडथळाच नाही."

वच्छला भागीरथावहिनीच्या मागे उभी होती. वहिनीचा पदर तोंडाशी गेला.

"और मंदिर?"

आता मुखरू पुढे झाला. मोठ्या भावानं नुसत्या वाड्यावर सेठला खूश केलं तर देवळाची किंमत पडेल, हे त्याला कळलं. "देऊळ तं वाड्याहून जुनं हाये, सेठजी. देव स्वयंभू हाये."

"किस के हैं?"

मुखरूनं क्षणभर विचार केला. तो प्लास्टरचा देव नेमका कोणता, हे दिग्दर्शकानं शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. म्हणून त्याला हात चार दिले होते आणि चारही रिकामे ठेवले होते. "सगळ्यांचेच हायेत," तो म्हणाला.

दसरू मोहाच्या काठीवर दोन्ही हात ठेवून बाजूच्या दगडावर बसला होता. भोवतालच्या गोंड गावांत त्याचा शब्द शेवटचा असे. सेठनं आदरानं त्यालाच विचारलं, "आप लोग भी पूजते हैं?"

"नाई," दसरू म्हणाला. "आमचे देव मागून बी देव असतेत."

सेठनं हे गंभीरपणे ऐकलं आणि मान डोलावली. गुणवंतरावानं घाईनं वाटणीला सुरुवात करायला सांगितली.

दसरूची रीत सोपी होती. ज्याला जे हवं ते त्यानं सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं, कुठून कुठवर तेही सांगायचं. सगळे हो म्हणाले की दसरू हद्दीवर दगड ठेवायचा आणि मग गूळ वाटायचा. गूळ खाल्ल्यावर कोणी बोल फिरवला तर त्याच्या घरी पुन्हा कोणी खात नसे. निवडणूक तोंडावर असताना रोज पन्नास पानं उठवणाऱ्या माणसाला ही शिक्षा साधी नव्हती.

"आधी बहीण," गुणवंतराव म्हणाला. "लहान आहे. तिचा मान पहिला."

दसरूनं वच्छलेकडे पाहिलं. "सांग बाई."

वच्छला पुढे आली. भाऊ शेडवरून गेल्यापासून तिनं नाही म्हणायची तयारी केली होती. नाही म्हटलं असतं तर सेठ निघून गेला असता आणि भावांनी महिन्याभरात दुसरा सेठ आणला असता. पण राणीमहालात हवा थेट मागे जाते, हे भावाच्या तोंडून ऐकलं आणि तिला वाटलं की हा माणूस आज सेठसमोर काहीही कबूल करील, फक्त वाडा वीतभर आहे एवढं सोडून.

"मले काई नको," ती म्हणाली.

गुणवंतरावाच्या अंगातली सगळी ताठरता गेली. मुखरूनं गुळाकडे पाहिलं.

"समोरचं काई नको," वच्छला पुढे म्हणाली. "वाडा मोठेभाऊचा. त्याच्या साऱ्या खोल्यांसकट. देऊळ मुखरूभाऊचं, घाटासकट. मी बाईमाणूस, मले वाडा काय कराचा हाये. वाडा जिथी संपते, देऊळ जिथी संपते, त्याच्या मागं जो काई उकिरडा-झुडूप उरंन, तो मले द्या. रामाजीची लेक उपाशी गेली असं नको म्हणाले कोणी."

राणीमहालाचं जांभळं लुगडं वाऱ्यानं आत गेलं, म्हणजे मागच्या बाजूला बाहेर आलं.

सेठ खुर्चीत सरसावून बसले. "ऐसी बहन," ते म्हणाले आणि पानाचा डबा मिटून बाजूला ठेवला. गोंदियाला त्यांच्या तीन बहिणींनी तीन वकील केले होते. "गुनवंतरावजी, इतना महल छोड़ रही है। पीछे का जंगल भी न दोगे?"

गुणवंतरावाच्या चेहऱ्यावरून वच्छलेची नजर हलली नाही. तो हिशेब करतोय हे तिला दिसत होतं. मागेच सगळं आहे असं म्हणावं, तर सेठ विचारील, मग पुढे काय आहे. पुढेच सगळं आहे असं म्हणावं, तर मागचं द्यायला कशाला नाही म्हणता.

"देणारच," तो म्हणाला. "का नाही देणार. पण मागे विंचू-काटा फार. बाईमाणसाला..."

"देऊन टाका ना," भागीरथावहिनी म्हणाली. भर पंचात ती कधी बोलत नसे. "बहिणीले मागचंच देऊन राह्यले, समोरचं थोडी. वाड्याच्या पल्याडचं तं मागून राह्यली बिचारी. तिथवर तुमी कधी गेले तरी काय?"

गुणवंतरावानं बायकोकडे असं पाहिलं की जणू ती त्याला प्रथमच दिसत होती. मग दसरूकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा थोडा उजळला. दसरूला त्यानं सकाळी कोंबडी खाऊ घातली होती. दगड ठेवायला दसरूच जाणार. तो शहाणा माणूस, नाल्यापर्यंत चालत जाईल आणि तिथे दगड ठेवील, एवढं त्याला समजणारच.

"ठीक," गुणवंतराव म्हणाला. "वाडा संपतो तिथपासून पुढचं वच्छीचं. मी म्हणतो."

आता मुखरू घाबरला. "माझं देऊळ तसं नाई. देवळाले मागं आंगण लागते. देवळाचं नाल्यापर्यंत."

"का?" गुणवंतराव वळला. "माझा वाडा भिंतीशी थांबते आन् तुझं देऊळ नाल्यापर्यंत? मंग उद्या माझ्या वाड्याच्या मागूनबी तूच निंगशीन." पुण्याकडची मराठी गळून पडली होती.

"भाऊ, जरा समजून घ्या," मुखरू दात आवळून म्हणाला आणि डोळ्यानं मागे, शेडकडे खूण केली.

"मले समजून राह्यलं तुले काय पायजे ते. जो नियम वाड्याले तोच देवळाले. दसरूभाऊ, ल्याहा... म्हणजे ठेवा दगड."

मुखरूनं एकदा वच्छलेकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग अर्ध्याचा नाद सोडून तो खाली बसला. "ठेवा," तो म्हणाला. "माझं काय. तासाभराचा प्रश्न हाये."

दसरू उठला. त्यानं एक दगड उचलला, थोडा जड होता म्हणून ठेवून दुसरा हलका उचलला, आणि राजदारातून आत गेला.

दगड जमिनीवर ठेवल्याचा आवाज लगेच आला.

सेठ घड्याळाकडे बघणार होते, तो हात तसाच राहिला. "इतनी जल्दी?"

दसरू बाहेर आला, आणखी एक दगड घेऊन देवळाच्या दारातून आत गेला, तिथेही लगेच आवाज आला, आणि तो परत बाहेर आला. "झालं," तो म्हणाला. "गूळ आना."

"दसरूभाऊ," गुणवंतराव हळू आवाजात म्हणाला, "तुमी कुठी ठेवला?"

"तुमी म्हटलं तिथी. वाडा संपते तिथी."

"पण... थोडं पुढं जाऊन..."

"पुढं वाडा नोता, गुणवंतभाऊ. मी पायलं."

गूळ फिरला. गुणवंतरावाच्या हातावर तो बराच वेळ राहिला. पंधरा गावांचा माणूस त्याच्याकडे शांतपणे पाहत होता. भागीरथावहिनीनं स्वतःचा खडा तोंडात टाकला आणि चघळायला लागली. शेवटी गुणवंतरावानंही टाकला, आणि तो अशा चेहऱ्यानं गिळला की सेठनं पाणी मागवलं.

"अब महल देखेंगे," सेठ म्हणाले आणि उठले.

रामाजीची शिस्त मोडून पहिल्यांदाच कोणा पाहुण्यानं रेघ ओलांडली. गुणवंतरावानं एकदा 'सध्या आत बायामाणसं...' असं म्हणून पाहिलं, पण बायामाणसं बाहेरच उभी होती. सेठ राजदारातून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले. वर पाहिलं. पुन्हा आत गेले, या वेळी जरा सावकाश, आणि पुन्हा बाहेर आले.

"चालीस कमरे?" त्यांनी विचारलं.

गुणवंतरावाऐवजी मुखरू म्हणाला, "रेघेवरून."

सेठ रागावतील असं वच्छलेला वाटलं होतं. पण सेठ व्यापारी होते, रागावणं ते घरी करायचे. ते तिसऱ्यांदा दारातून गेले आणि या वेळी थेट शेडपर्यंत गेले. टिन वाजवून पाहिलं, विहिरीत डोकावले, मोहाच्या झाडांकडे पाहिलं. परत येऊन ते वच्छलेसमोर हात जोडून उभे राहिले.

"बहनजी, पीछेवाला बेचेंगी? महल नहीं चाहिए।"

"नाई," वच्छला म्हणाली.

"दाम अच्छा दूँगा।"

"मले दाम नको. मले जागा पायजे होती, ते भेटली. जेवून जा तुमी. वहिनीनं केलं हाये मागं."

जेवण मागेच होतं, कारण चूल मागेच होती, कारण पुढे चूल ठेवायला जागाच नव्हती. सेठ जेवायला गेले. दसरू गेला. मुखरू गुणवंतरावाकडे न पाहता, हातपाय धुवायच्या निमित्तानं गेला, आणि थोड्या वेळानं शेडच्या बाजूनं त्याचा आवाज ऐकू आला, की सूत मूलपर्यंत न्यायला सायकल लागली तर सांगजो, बहिणीले भाडं कमी लावीन. भागीरथावहिनी राजदारातून जाताना नवऱ्याजवळ थांबली.

"बसा ना थोडं," ती म्हणाली. "तुमचाच वाडा हाये."

गुणवंतराव एकटा राजदारात उभा राहिला. पुढे अंगण होतं, ते रस्त्याचं, म्हणजे सरकारचं. मागे दसरूचा दगड. बसायचं म्हटलं तर पाय कोणाच्या तरी हद्दीत जाणार. भिंतीवर हात टेकवून त्यानं वर पाहिलं आणि मग मागे. वाड्याला मागून सागवानाचे जाड टेकू दिले होते. हत्तीच्या प्रकारानंतर रामाजीनं लावलेले. पंधरावीस टेकू, सगळे दगडाच्या पलीकडे जमिनीत रोवलेले.

तेच वच्छलाही पाहत होती. ती पाण्याची कळशी घेऊन विहिरीकडून आली होती.

"वच्छे," तो म्हणाला. "टेकू."

"हो. माझ्याकडं आले."

"काढून नको टाकजो. आज नको. निवडणूक होऊ दे. लोक येतेत, फोटो काढतेत. वाडा पडला तं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. सकाळपासून त्यानं तिच्याकडे मागितलेलं हे पहिलंच काही होतं.

वच्छलेनं टेकूंकडे नीट पाहिलं. एका टेकूपासून दुसऱ्यापर्यंत दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर ओल्या सुताच्या लड्या वाळत होत्या, पिवळट, भिंतीच्या सावलीत. कोशाच्या सुताला कडक ऊन चालत नाही, सावलीतला वारा लागतो. एवढी चांगली सावली आणि एवढा सरळ वारा आलापल्लीत दुसरीकडे नव्हता.

"नाई काढत," ती म्हणाली. "सूत वाळते तिथी. वाडा पडला तं मातीत जाईन."

"म्हणजे वाडा राह्यला."

"सुतापुरता."

शेडमधून मुखरूचं हसणं ऐकू आलं. सेठला मोहाच्या फुलांची भाकर पहिल्यांदा वाढली होती आणि हिला काय म्हणतात ते सेठ विचारत होते. गुणवंतरावाला भूक लागली होती. ते लपवायला तो पाठ वळवून उभा राहिला, पण वाडा इतका अरुंद होता की वळूनही तो वच्छलेसमोरच होता.

"येऊ का?" त्यानं शेवटी विचारलं.

"या ना. पण जोडे काढून. भुईवर कोश मांडले हायेत." तिनं कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. "वाड्यातच काढून ठेवा. तुमचाच हाये."

गुणवंतराव वाकला. चांद्याहून शिवून घेतलेले काळे जोडे त्यानं काढले आणि भिंतीच्या जाडीत, उंबऱ्यावर, नीट शेजारी शेजारी ठेवले. वाडा वीतभर होता, जोडे वितीहून जरासे मोठे. त्यानं ते पुढे सरकवले तर चवडे सरकारच्या रस्त्यावर आले. मागे ओढले तर टाचा दसरूच्या दगडापलीकडे गेल्या. दोनदा पुढे-मागे करून पाहिल्यावर त्यानं टाचा मागेच राहू दिल्या आणि पायमोज्यांवर, बहिणीच्या जागेतून, जेवायला गेला.